लायब्ररीतल्या मॅडमना, जर्नलच्या टीमकडून

मॅडम,

तुमच्या निरोप समारंभाला मला बोलायला उभं केलं होतं आणि मला धड दोन वाक्यं पण बोलता आली नाहीत, नुसतं रडू येत होतं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

लॉच्या थर्ड इयरला आम्ही पाच जण कायद्याचं जर्नल काढायचं म्हणून तुमच्याकडे आलो तेव्हा जर्नलचं नाव ठरलेलं, लोगो झालेला, इन्स्टा पेज पण होतं. तुम्ही सगळं शांतपणे बघितलंत, छान आहे म्हणालात आणि विचारलंत, "लेख तपासणार कोण?" त्या प्रश्नातूनच आमचं एडिटोरियल बोर्ड उभं राहिलं. लेखकाचं नाव रिव्ह्यूअरला कळता कामा नये हे आम्हाला माहीत होतं, पण वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ते तसंच राहतं हे तुम्ही दाखवलंत. आयएसएसएनला, म्हणजे नियतकालिकाला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाला, एक पैसा लागत नाही हेही तुमच्याकडूनच कळलं, नाहीतर एक एजंट आमच्याकडून पैसे घेणारच होता.

पण खरे आभार मानायचेत ते ओल्गा टेलिस केसबद्दल, म्हणजे मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाबद्दल. पहिल्या अंकात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांवर एक लेख होता, त्यात या केसबद्दल "१९८६ च्या निकालात" असं लिहिलेलं आणि तळटिपेत एआयआर १९८६ एससी १८० (एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, निकाल छापणारे खंड), म्हणजे जुळतंय की, म्हणून मी टिक करून पुढे गेले होते. तुम्ही उठून तो जाड खंड काढलात, पान उघडलंत आणि माझं बोट तारखेवर ठेवलंत. १० जुलै १९८५. "अगं, ते वर्ष खंडाचं असतं, निकालाचं नाही." मग म्हणालात आता बसच आणि पूर्ण वाच. साडेसात वाजले होते, शिपाई काका किल्ल्या घेऊन दारात उभे, तुम्ही त्यांना चहाला पाठवलंत. वाचताना कळलं की लेखात कोर्टाचं म्हणून दिलेलं एक वाक्य कोर्टाचं नव्हतंच, ते वकिलांच्या युक्तिवादातलं होतं, निकालात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं येतं ना, तिथून उचललेलं. आणि कोर्टाने झोपड्या वाचवल्या असं जे लेखक म्हणत होता तेही अर्धंच खरं, उपजीविकेचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो हे मान्य केलं पण हटवायला शेवटी परवानगी दिलीच, फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा म्हणाले. त्या लेखकाला आम्ही लेख परत पाठवला, तो चिडला, पण पंधरा दिवसांनी जे लिहून आणलं ते त्या अंकातलं सगळ्यात चांगलं लिखाण होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे, मूळ निकाल उघडल्याशिवाय टिक नाही.

दुसऱ्या अंकाच्या वेळी टीम फुटत आली होती, इंटर्नशिप, परीक्षा, शिवाय वाचतं कोण हा प्रश्न. तेव्हा तुम्ही काही समजावत बसला नाहीत, एससीसीचा (सुप्रीम कोर्ट केसेस, हेही निकालांचे खंड) १९७९ चा चौथा खंड काढून जर्नल सेक्शन उघडून दिलात. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार, चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं खुलं पत्र, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या केसबद्दल. सुप्रीम कोर्टाने दोन पोलिसांना सोडून दिलं होतं. पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बाकीच्यांना फोन करून बोलावून घेतलं, आणि अंक निघाला मॅडम, दोन महिने उशिरा पण निघाला.

तिसरा अंक ज्युनियर्सनी केलाय, प्रत तुमच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलीय. पान ४१ वरची नववी तळटीप तेवढी बघाल का, तो खंड आपल्या लायब्ररीत नाहीये, आम्ही ऑनलाइनच बघितलंय.

तुमची,
जर्नलची पहिली एडिटर