पणजीत कॅसिनोपलीकडचे दोन दिवस

मा. संपादक,

सुट्या जवळ आल्या की नागपुरात गोव्याच्या सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. तीन रात्री, चार दिवस, कळंगुटचा किनारा आणि एक ‘कॅसिनो नाइट’. गोव्यातल्या कॅसिनोत २१ वर्षांखालील कोणालाही प्रवेश मिळत नाही, हे त्या जाहिरातीत कुठेच लिहिलेले नसते. मग मांडवी नदीच्या धक्क्यावर कुटुंबाची वाटणी होते. मोठे कॅसिनोच्या बोटीवर जातात, मुले आणि आजी-आजोबा हॉटेलच्या खोलीत टीव्हीपुढे बसतात. पणजी आणि परिसर दोन दिवस पुरून उरेल एवढा आहे, तोही सगळ्यांना मिळून आणि फार खर्च न करता. म्हणून हे पत्र.

आधी पोहोचण्याचे. बरेच लोक रेल्वेचे तिकीट डोळे मिटून मडगावचे काढतात आणि तिथून पणजीपर्यंत ३०-३५ किलोमीटर टॅक्सीने उलटे येतात. गाडी करमळीला थांबत असेल तर तिथेच उतरावे. पणजी तिथून जेमतेम १२ किलोमीटर आहे आणि जुने गोवे तर वाटेतच लागते. विमानाने जाणाऱ्यांनी तिकीट दाबोळीचे आहे की मोपाचे, हे आधी पाहून मग हॉटेल ठरवावे. दोन्हीकडून कदंब महामंडळाच्या बस आहेत. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते. ती भाड्याने देणे बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवले की मनस्ताप आपल्यालाच होतो.

पणजी शहर पायी पाहायचे. मळा आणि फोंतेन या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत सकाळी नऊच्या आत जावे. उन्हे तिरपी असतात, गर्दी नसते आणि सायकलवरून भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववालाही भेटतो. त्याच्याकडची कोंड्याची पोयी गरम असतानाच खावी, दुपारपर्यंत ती चामट होते. तिथली रंगीत घरे राहती आहेत. दुसऱ्याच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नयेत. तिथल्या रहिवाशांना याचा खरोखर त्रास होतो. तिथून मळ्यातल्या मारुतीच्या देवळात चढून जावे, खाली सगळी कौले एका नजरेत येतात. न्याहारीला मिक्स भाजी आणि बन मागावा.

जुन्या गोव्याला जाताना रायबंदरमार्गे जाणारी बस विचारून घ्या आणि डावीकडच्या खिडकीत बसा. सोळाशे तीसच्या दशकात बांधलेल्या, सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या पुलावरून बस जाते. डावीकडे मांडवी असते, उजवीकडे मिठागरे. बॉम जेझूस बॅसिलिकेचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला, म्हणून तो उघडा जांभा लाल दिसतो. आत सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कारागिरांनी घडवला आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, तेव्हा जाणे टाळावे. शुक्रवारही टाळावा, कारण पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय त्या दिवशी बंद असते आणि कदंब राजांच्या काळातले दगड तिथेच आहेत.

इथपर्यंत पुष्कळ लोक येतात आणि इथूनच परत फिरतात. खरे तर पुढचा रस्ता मराठी माणसाने चुकवू नये असा आहे. व्हाइसरॉयच्या कमानीखालून गेले की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी माणसाला पैसे पडत नाहीत, स्कूटरही बोटीवर चढते. पलीकडे दिवाडी बेट. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे या बेटावरचे. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, लिंग पुढे नदीपार नार्वेला नेले गेले आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. तसा शिलालेख देवळावर आहे, तो थांबून वाचावा. लिंगाला पैलू पाडलेले आहेत, म्हणून त्याला धारालिंग म्हणतात. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वेला उतरले की देऊळ जवळच आहे. चूक होते ती परतीला. फेरी रात्रभर चालत नाही, म्हणून जातानाच फेरीबोटवाल्याला शेवटची वेळ विचारून ठेवावी. नाहीतर डिचोलीवरून मोठा वळसा पडतो.

दुसरी सकाळ चोडण बेटाला द्यावी. रायबंदरहून फेरीने गेले की धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १७८ हेक्टर खारफुटीचे. इथे आपण विदर्भातले लोक हमखास फसतो, कारण भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या सवयीचा नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे-खेकडे टिपायला तुतवार, चिखले, बगळे उतरतात. भरतीला पक्षी पांगतात, पण ओहळांत पाणी चढल्यामुळे होडी आत जाऊ शकते. चालत पक्षी पाहायचे तर ओहोटी गाठावी, होडीतून फिरायचे तर भरती. ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून होडीवाल्याला आदल्या दिवशी विचारावे. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

फोंड्याकडे मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे इथली देवळे एका दुपारीत होतात.

संध्याकाळी पणजीहून बेतीच्या फेरीबोटीत बसावे. पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोहोचते आणि कॅसिनोंच्या बोटींची सगळी रोषणाई पाण्यावरून फुकट दिसते. सोमवार नसेल तर थोडे लवकर निघून रेइश मागूशचा किल्ला आधी पाहून घ्यावा.

जेवणाचे एक-दोन मुद्दे. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे कालवणात, तिरफळ असते. वासासाठी घातलेले ते फळ चावायचे नाही, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे. सावजीच्या तिखटाची अपेक्षा धरू नये, इथे नारळ आणि आंबटाची चव चालते. १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात सुरमई मागण्यापेक्षा ‘नदीतले ताजे काय आहे’ असे विचारावे.

नागपुरातल्या सहल कंपन्यांना विनंती आहे की २१ वर्षांची अट जाहिरातीतच ठळक छापावी आणि कुटुंबांच्या सहलीत कॅसिनोच्या रात्रीऐवजी दिवाडी-नार्वेचा अर्धा दिवस पर्याय म्हणून ठेवावा. गाडी तशीही जुन्या गोव्यापर्यंत जातेच.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर