वरच्या एसीचं पाणी आणि आमची भिंत

दि. १९ ऑगस्ट

प्रति,
मा. अध्यक्ष व समिती सदस्य,
सिंहगड रस्ता, पुणे

विषय : बी विंगच्या डक्टमध्ये एसीच्या पाण्यासाठी सामाईक पाइप बसवणे

महोदय,

गौरी-गणपतीसाठी आईची पैठणी काढायला रविवारी कपाट उघडलं, तर कुबट वासाचा भपकाराच आला. जरीच्या काठावर पांढरट बुरशी होती. कपाट ओढून पाहिलं तर मागच्या भिंतीवर कमरेपर्यंत काळे ठिपके, आणि पुट्टी अशी फुगलेली की बोट लावताच पापुद्रा हातात आला.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वरच्या फ्लॅटच्या एसीचा ड्रेन पाइप डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, अर्धवट लोंबतो. त्याचं पाणी आमच्या छज्ज्यावर पडतं आणि छज्ज्याचा उतार नेमका भिंतीकडे आहे. जूनमध्ये मी तिथे बादली लावून पाहिली. रात्री दहाला रिकामी होती, सकाळी सहाला निम्मी भरली होती. वरच्या काकूंशी माझं भांडण नाही. पाइप सोडायला त्यांना दुसरी जागाच नाही.

शिवाय माझा एसीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. मे महिन्यात तो घरातच गळत होता. मेकॅनिकने उघडला तर आत पाणी साठणाऱ्या ट्रेच्या तोंडाशी शेवाळासारखा बुळबुळीत गाळ अडकलेला, आणि फिल्टर इतका माखलेला की कॉइलवर बर्फ धरत होता. तो वितळला की पाणी भिंतीवर. आता दर पंधरा दिवसांनी फिल्टर नळाखाली धुतो, गळणं थांबलंय. पण बाहेरून येणाऱ्या पाण्याचं मी एकटा काय करणार?

मागच्या दिवाळीआधी समितीने पेंटर पाठवला होता, त्याबद्दल आभार. पण त्याने ओल्या भिंतीवरच वॉटरप्रूफ रंग मारला. ओल आत कोंडली, बुरशी रंगाखाली जिवंत राहिली आणि पावसाळा येताच वर आली. म्हणून यंदा कृपया पेंटर पाठवू नका. आधी पाणी थांबवा, मग भिंत पूर्ण वाळू द्या, रंगाचं त्यानंतर पाहू.

तोवर मी भिंत माझ्या परीने साफ केली आहे. एन-९५ मास्क आणि हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या, भुकटी उडू नये म्हणून भिंतीवर पाणी फवारलं, सुटलेली पुट्टी खरवडली आणि साबणाच्या पाण्याने पुसून घेतली. दोन दिवस पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवला, कारण ओल २४ ते ४८ तास राहिली तरी बुरशी परत धरू शकते. धाकट्याला दमा आहे, त्याला तेवढे दिवस मामाकडे पाठवलं.

जाता जाता एक तातडीचं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळून बुरशीवर मारायचा सल्ला दिलाय. ती पोस्ट आजच काढायला लावा. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरमधलं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. जीवावर बेतेल कुणाच्या तरी.

माझी मागणी एवढीच : डक्टमध्ये वरपासून खालपर्यंत एक पीव्हीसी पाइप टाकावा, प्रत्येक मजल्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवावा आणि सगळ्यांचे ड्रेन त्यात जोडावेत. खाली ते पाणी बागेला सोडता येईल. उन्हाळ्यात टँकरचे पैसे मोजतोच आहोत आपण. नवा एसी बसवायची परवानगी देतानाही ड्रेन या पाइपला जोडायची अट घालावी. बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची, असं गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच (नियमावलीतच) आहे, त्यामुळे खर्च कुणाचा यावर पुन्हा सभा नको. पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या उन्हात हे काम उरकता येईल.

येत्या रविवारी सकाळी दहानंतर मी घरी आहे. समितीतल्या कुणीतरी येऊन भिंत पाहावी. कपाट अजून ओढलेलंच आहे.

आपला,
बी विंग, तिसरा मजला