एमआरआयची फिल्म नको, सीडी द्या

महोदय,

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कर्करोगासाठी शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला आलेल्या माणसाच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म असतात, रिपोर्ट असतो. सीडी मात्र बऱ्याचदा नसते. किरणोपचार विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे, म्हणून सांगतो, आमच्या कामाची वस्तू नेमकी तीच.

किरणांचा डोस मोजतात सीटी स्कॅनवर, कारण शरीराचा कोणता भाग किरणे किती अडवतो ते सीटीवरून थेट कळते. पण सीटीत प्रोस्टेट, मूत्राशयाचे तोंड आणि भोवतीचे स्नायू सगळे एकाच करड्या रंगाचे. ग्रंथीचे खालचे टोक तर जवळजवळ अंदाजानेच आखावे लागते आणि आखणी बहुधा गरजेपेक्षा मोठी होते. एमआरआयमध्ये ही सीमा स्वच्छ दिसते, शिवाय आतली गाठही दिसते. आजार लसिकाग्रंथींत किंवा हाडांत गेला आहे का, हे पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी शरीरभर शोधणारी तपासणी) सांगतो. ही चित्रे संगणकात एकमेकांवर बसवणे म्हणजे फ्यूजन. त्यासाठी मूळ डिजिटल चित्रे लागतात, ती सीडीत असतात. फिल्म उजेडाला धरून बघण्यापुरती.

हे हौसेचे काम नाही. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘फ्लेम’ चाचणीत 571 रुग्ण होते. सर्वांच्या पूर्ण ग्रंथीला 77 ग्रे (किरणांच्या डोसाचे एकक) डोस दिला. एका गटाला एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीपुरता तो 95 ग्रेपर्यंत वाढवला. पाच वर्षांनी आजाराने पुन्हा डोके वर न काढलेले रुग्ण या गटात 92 टक्के होते, दुसऱ्यात 85. गाठ नेमकी कुठे हे ठाऊक असल्याशिवाय असा वाढीव डोस देणार कसा? आपल्या परळच्या टाटा रुग्णालयानेही अतिजोखमीच्या रुग्णांवर चाचणी केली (निष्कर्ष 2021 मध्ये आले), तेव्हा आजाराचा पसारा बहुतेकांच्या बाबतीत पीएसएमए पेटनेच तपासला होता.

अर्थात जुना एमआरआय नव्या सीटीवर तंतोतंत बसतोच असे नाही. मूत्राशय कमीजास्त भरलेले असते, गुदाशयात वायू असतो, ग्रंथी काही मिलिमीटर सरकते. बायोप्सीनंतर लगेच काढलेल्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाचे डाग गोंधळ घालतात. संगणकाने चित्रे जुळवली तरी डॉक्टर आणि फिजिसिस्टने ती डोळ्यांनी तपासावीच लागतात. म्हणून खरे तर सीटीच्याच दिवशी, सपाट टेबलावर, मूत्राशय तितकेच भरलेले ठेवून वेगळा एमआरआय काढणे उत्तम. पण मुंबईतल्या एमआरआयच्या रांगा आणि दर पाहता, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांचा पहिला एमआरआय तरी वाया जाऊ नये.

काही सेंटर सीडीचे वेगळे पैसे घेतात, काही ‘जुना डेटा आता नाही’ म्हणून हात वर करतात. तपासणीचे पैसे रुग्णाने भरले आहेत. चित्रे त्याची आहेत. न मागता, रिपोर्टसोबतच सीडी किंवा लिंक मिळावी, असा नियम राज्याच्या आरोग्य विभागाने करावा. तो होईपर्यंत नातेवाइकांनी काउंटरवरच विचारावे की सीडीत डायकॉम चित्रे (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइल) आहेत ना. मोबाइलवर पाठवलेले फोटो फ्यूजनला चालत नाहीत.

– एक निवृत्त रेडिओथेरपी तंत्रज्ञ, मुलुंड (पूर्व), मुंबई