साथीच्या बातमीत विषाणूचे कुळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साथ आली की वर्तमानपत्रांत ‘नव्या व्हायरसचा धोका’ असा मथळा येतो. बाधित किती, दगावले किती, शाळा बंद की चालू, हे सगळे छापून येते. तो विषाणू कोणत्या कुळातला आणि त्याचे भाऊबंद कोण, हे मात्र कुठेच नसते. ते छापले जावे, या आग्रहासाठी हे पत्र. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी मोहोळ-सांगोला भागात झाली. तिथे या माहितीचे मोल मी जवळून पाहिले आहे.

२०२२ साली लम्पी या गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगाच्या साथीत आम्ही वस्त्यावस्त्यांवर लसीकरण करत होतो. मानेजवळची कातडी चिमटीत धरायची, लस टोचायची, की पुढचे जनावर. एका वस्तीवर खिल्लारांची देखणी जोडी बाळगून असलेल्या एका आबांच्या नातवाने बाटलीवरचे नाव वाचले आणि आबांनी दावे हातातून सोडलेच नाही. ‘साहेब, ही तर शेळीची लस हाय. माझ्या बैलांला कशाला?’ प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, ‘आबा, शेळीची देवी, मेंढीची देवी आणि ही लम्पी, तिन्ही एकाच भावकीतल्या हायत. एकीला वळखणारं रगत दुसरीलाबी वळखतं.’ आबांनी क्षणभर विचार केला आणि बैलाचे शिंग धरले.

यात समजूत घालण्यापुरते काहीच नव्हते. हे तिन्ही विषाणू कॅप्रिपॉक्सव्हायरस या एकाच प्रजातीतले आहेत (कुळाच्या आत प्रजाती, प्रजातीच्या आत जात, अशी ही उतरंड). ते एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की रक्तातल्या प्रतिपिंडांवरून तिघांपैकी नेमका कोणता होऊन गेला, हे सांगता येत नाही. म्हणून तर लम्पीची स्वतंत्र लस गोठ्यापर्यंत पोहोचलेली नसताना शेळ्यांच्या देवीची, उत्तरकाशी वाणाची लस गाई-बैलांना देता आली. वर्गीकरणाचा तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगण्यासाठी असतो, असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या वर्षी एखाद्या गोठ्यात येऊन पाहायला हवे होते.

त्याच वर्षी जुलैत केरळमध्ये मंकीपॉक्सचा देशातला पहिला रुग्ण सापडला आणि दोन बातम्यांची सरमिसळ झाली. जनावरांच्या अंगावर गाठी, माणसांच्या अंगावर फोड, नावातही ‘पॉक्स’. लोक दूध घ्यायला कचरू लागले. खरे तर कुळ दोघांचेही पॉक्सव्हिरिडी. पण मंकीपॉक्स ऑर्थोपॉक्सव्हायरस या प्रजातीतला, म्हणजे माणसाच्या देवीच्या विषाणूचा जवळचा सोयरा, आणि लम्पी कॅप्रिपॉक्सव्हायरसमधला, जो माणसाला होतच नाही. एवढे एक वाक्य बातमीत असते तर कितीतरी घरांतली भीती गेली असती. ज्यांच्या दंडावर देवी काढल्याची खूण आहे, त्यांना मंकीपॉक्सपासून काही अंशी संरक्षण मिळते, तेही या नात्यामुळेच. उलट कांजिण्या दिसायला देवीसारख्या, पण त्यांचा विषाणू नागिणीचाच आणि कुळ हर्पीसचे. अंगावरच्या फोडांवरून नाते ठरवायला गेलो की अशी फसगत होते.

हे नाते ठरवते कोण? १९६६ मध्ये मॉस्कोतल्या सूक्ष्मजीवशास्त्र परिषदेत यासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आज ती आयसीटीव्ही या नावाने ओळखली जाते. एकेका कुळाचे अभ्यासगट प्रस्ताव मांडतात, त्यांची छाननी होते आणि शेवटी सदस्यांचे मतदान. विषाणूची जनुकीय सामग्री डीएनए की आरएनए, तिचा क्रम कोणाशी किती जुळतो, कवच कसे आहे, यावरून जागा ठरते. पूर्वी कोणी रोगावरून, कोणी यजमानावरून, कोणी गावावरून नाव ठेवत असे. आता जातीचे नाव दोन शब्दांचे, आधी प्रजाती आणि मग जात, असा नियम २०२१ मध्ये मंजूर झाला आहे. लम्पीच्या जातीचे नाव त्यानुसार ‘कॅप्रिपॉक्सव्हायरस लम्पीस्किनपॉक्स’ असे आहे.

रोगाचे नाव मात्र ही समिती ठेवत नाही. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड-१९’ हे रोगाचे नाव जाहीर केले आणि त्याच दिवशी समितीच्या कोरोना अभ्यासगटाने विषाणूला ‘सार्स-कोव्ह-२’ म्हटले. डेल्टा, ओमायक्रॉन ही पुन्हा आरोग्य संघटनेने ठेवलेली नावे, कारण जातीच्या खालच्या उपप्रकारांना नावे देणे समितीच्या कक्षेत येत नाही. आपल्या बातम्यांत ही सगळी नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात.

कावीळ हे याहून जवळचे उदाहरण. हिपॅटायटिस ए, बी, सी, डी, ई ही नावे पाच सख्ख्या भावंडांसारखी वाटतात. प्रत्यक्षात पाचही विषाणू पाच वेगळ्या कुळांतले आहेत. सारखे काय, तर सगळे यकृतावर घाला घालतात. ए आणि ई दूषित पाण्यातून येतात. बी, सी आणि डी रक्तातून. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आणि तेच साठवून पिणाऱ्या सोलापुरात ‘काविळीचे रुग्ण वाढले’ एवढेच छापून कसे चालेल? पाणी उकळायचे की सुई तपासायची, हे वाचकाला त्या बातमीतूनच कळायला हवे. (डाळिंबावरच्या तेल्यालाही काही जण ‘व्हायरस’ म्हणतात. तो जीवाणू आहे.)

गावांच्या नावांबद्दलही लिहायला हवे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक विषाणू सापडला. पुण्याच्या संस्थेने, जी आज राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, तो वेगळा केला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. समितीच्या यादीत तो आजही ‘व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा’ असाच आहे. २०२४ मध्ये गुजरातेत मुले दगावली, तेव्हाही मथळ्यात नाव आपल्या विदर्भातल्या गावाचे. रोगाच्या नावात गाव, देश, लोक किंवा प्राणी नको, असे आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितले आहे. जुने नाव आता बदलणार नाही, ते बदलावे असा माझा हट्टही नाही. पण त्या गावाचा दोष नाही, तिथे विषाणू फक्त प्रथम ओळखला गेला, हे छापायला दोन ओळी लागतात. त्याचे कुळ रेबीजचेच असले तरी तो कुत्र्याच्या चाव्यातून नव्हे, तर वाळूमाशीतून पसरतो, हेही त्याच ओळींत बसेल. कुळावरून सगळेच कळते असे नाही. प्रसाराची वाट वेगळी सांगावीच लागते.

तेव्हा विनंती अशी की साथीच्या पहिल्याच बातमीत एक छोटी चौकट असावी: रोगाचे नाव, विषाणूचे नाव, कुळ व प्रजाती, आणि तो कशातून पसरतो. पावसाळ्यात ताप आणि गोठ्यातले आजार वाढतात, म्हणून ही चौकट यंदाच्या पावसाळ्यापासूनच सुरू व्हावी. मजकूर तपासून द्यायला आमच्या खात्यातले निवृत्त सहकारी आणि मी आनंदाने तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
मोहोळ, जि. सोलापूर