काकू, वासरू नाकारायला शिकवलंत म्हणून

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

विकणाऱ्यानंच घेणाऱ्याला ‘हे वासरू नेऊ नका’ म्हणावं, हे या धंद्यात मी फक्त तुमच्या गोठ्यावर पाहिलं. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही विषय वैरणीवर नेता, म्हणून हे पत्र. आणि ते उघडं लिहितोय, कारण बाटलीवर वासरं वाढवून विकायचं मनात असलेल्या आणखी कुणाला तुमचं बोलणं उपयोगी पडलं, तर तुम्ही रागावणार नाही असं धरून चाललोय.

मी आलो होतो दुधाच्या पावडरीविषयी विचारायला. कुठली चांगली, किती लागेल, कितीला पडेल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘यातलं एक मेलं तर?’ मग माझ्याच कागदाच्या पाठीमागे मांडून दाखवलंत: मेलेल्या वासराची खरेदी, तोवर पाजलेलं दूध, औषधपाणी, सगळं उरलेल्या वासरांच्या नफ्यातून वजा. पावडरीत चार पैसे वाचवून हे भरून निघत नाही. त्यानंतर तुम्ही ती वही काढलीत, मी न मागता.

वहीत प्रत्येक वासरापुढे जन्माची वेळ, पहिला चीक किती वाजता पाजला, किती लिटर, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे चिकाचा कस मोजायच्या उपकरणावर, आकडा किती आला. 22 च्या खालचा चीक पहिल्या पाजण्याला वापरायचा नाही, हा तुमचा नियम. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि वासराचं आतडं ती पहिले काही तासच नीट शोषून घेतं, 24 तासांनंतर जवळजवळ नाहीच. म्हणून 40 किलोच्या वासराला पहिल्या दोनेक तासांत 4 लिटर. ती वेळ हुकली, तर घेणाऱ्यानं नंतर कितीही महागडी पावडर पाजावी, ती कसर भरून येत नाही. ‘चीक कधी पाजला, एवढं विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला की चालू पडा,’ असं तुम्ही म्हणालात. वासरं विकणारी बाई हे सांगते आहे, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

मग तुम्ही मला प्रत्येक वासराच्या तोंडात बोट घालायला लावलंत. जोरात चोखतंय का? शेपटीखाली घाण चिकटली आहे का? बेंबी कोरडी आहे की जाड, गरम, दुखरी? गुडघे सुजलेत का? बेंबीतून शिरलेला जंतू सांध्यांत जाऊन बसतो, आणि असं वासरू जगलं तरी वाढत नाही.

ती पांढऱ्या कपाळाची कालवड मला फार आवडली होती. अंगानं भरलेली, चुणचुणीत. तुम्ही तिला बाजूला बांधलंत, कारण ती जुळ्यातली होती आणि जोडीचा गोऱ्हा होता. अशा जुळ्यांच्या वारा गर्भाशयातच जोडल्या जातात, रक्त एकमेकांत मिसळतं, आणि शंभरातल्या नव्वदहून जास्त कालवडी वांझ निघतात. ती मी आनंदानं नेली असती आणि गाभण जाणारी कालवड म्हणून वाढवत बसलो असतो. तुम्ही गप्प राहिला असतात, तरी कुणी तुम्हाला बोल लावला नसता.

बाटलीचं शिक्षण तर तुम्ही उभ्या उभ्याच दिलंत. बाटली वासराच्या डोक्यापेक्षा थोडी वर, मान वर उचललेली. चोखताना अन्ननलिकेजवळची खाच मिटून तिची नळी होते आणि दूध पहिल्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, न पडता थेट चौथ्या पोटात जातं. निपलचं भोक कापून मोठं करायचं नाही, घाईत दूध फुप्फुसात उतरतं. दूध 39 अंशांच्या आसपास, रोज त्याच वेळेला. बाटली आधी कोमट पाण्यानं विसळायची, मग कढत पाणी आणि साबण, नाहीतर दुधाचा थर आतच बसतो.

आणि हगवण. वासराला जुलाब लागले की दूध बंद करा, असंच मी सगळीकडून ऐकत होतो. तुम्ही फोनवर ठणकावलंत, दूध चालू ठेवा, मधल्या वेळेत क्षारांचं पाणी वेगळं द्या, दुधात मिसळू नका. डोळे खोल गेले, चोखणं थांबलं की वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. आणि हात धुवा, यातले काही जंतू माणसालाही लागतात. माझं ते हगवण लागलेलं वासरू आता खुराकाच्या टोपलीत तोंड घालून असतं. सलग तीन दिवस किलोभर खुराक खाल्ला की दूध तोडायचं, हेही तुमचंच. कोठीपोटाची आतली लव वाढते ती त्या दाण्याच्या आंबण्यानं, हे कळल्यापासून पहिल्या आठवड्यातच मूठभर खुराक आणि स्वच्छ पाणी समोर ठेवतो.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकत नाही. थंडीत लहान वासरांना मी दोनऐवजी तीनदा पाजतो. मेहनत वाढते, पण अंग धरतात. तुम्ही हसलात तरी चालेल.

पुढच्या खेपेला जर्सी घ्यावीत का, हे विचारायचं आहे. जन्मतः वजन पंचवीसेक किलो, थंडी लवकर बाधते, त्यामुळे जरा धास्ती वाटते. रविवारी सकाळचं पाजणं आटोपलं की येतो. वही काढून ठेवा.

आपला,
तुमच्याकडून वासरं नेणारा