माख्सोमवरच्या मावशी, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

प्रिय मावशी,

तुम्हाला मराठी येत नाही, हे पत्र मी तुम्हाला हिब्रूत वाचून दाखवणारच आहे, पण लिहितेय मराठीत, कारण मनापासून आभार मानायचे म्हटले की मला अजून मराठीच सुचतं, पनवेल सोडून इस्राएलला येऊन ३० वर्षं होऊन गेली तरी. शिवाय आमचे नातेवाईक ठाणे-अलिबागकडे आहेत, त्यांनाही कळू दे तुम्ही काय केलंत ते. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. माख्सोम म्हणजे हिब्रूत चेकपॉइंट, नाका. २००१ च्या जानेवारीत, दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा इस्राएलविरुद्धचा उठाव, पेटलेला असताना, तीन बायकांनी माख्सोम वॉच सुरू केलं आणि आजही त्यात फक्त बायकाच आहेत, बहुतेक रिटायर झालेल्या. वेस्ट बँक म्हणजे इस्राएलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी भाग, तिथल्या इस्राएली सैन्याच्या नाक्यांवर पाळी लावून जायचं, उभं राहायचं, बघायचं आणि घरी येऊन सगळं लिहून काढायचं. नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या बेत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी माणूस सैनिकांसमोर उभा राहून व्हायोलिन वाजवतोय असा व्हिडिओ जगभर गेला होता, तो यांच्यातल्याच एकीने काढलेला. पण मला सांगायचंय ते व्हिडिओचं नाही, कागदांचं.

बाबांचं इथे लोद शहरात लादी-बाथरूमचं छोटं कामकाज होतं, आणि त्यांचे मिस्त्री वेस्ट बँकमधल्या कल्किल्याचे पॅलेस्टिनी, रोज परवान्यावर नाका ओलांडून यायचे. १४ वर्षं एकत्र काम केलं दोघांनी, बाबा हिब्रू मोडकी बोलायचे, मिस्त्री पण मोडकी बोलायचे, त्यामुळे दोघांचं छान जमायचं! २०१७ मध्ये एक दिवस पहाटे मिस्त्रींनी नाक्याच्या गेटवर कार्ड लावलं आणि त्यांना परत पाठवलं. ममनूअ, म्हणजे अरबीत मनाई असलेला. आपल्या 'मना करणे' मधला मना त्याच अरबी धातूतला, मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. कारण काय तर सुरक्षेचं, त्यापुढे एक शब्द नाही. कुणाला विचारायचं तेही कळेना, एका ऑफिसातून दुसरीकडे, दुसरीकडून परत पहिल्याकडे, एका वकिलाने आधी पैसे ठेवा मग बघू म्हणून सांगितलं. बाबा रात्री जेवायचे नाहीत. म्हणायचे, त्याची पाच पोरं आहेत गं.

मग कुणीतरी सांगितलं की कल्किल्याजवळच्या एयाल नाक्यावर पहाटे माख्सोम वॉचच्या काही बायका असतात त्यांना भेटा. मी बाबांना गाडीत घालून घेऊन गेले. ती पहाट मी विसरणार नाही. थंडी, काळोख, आणि फिरत्या गेटमधून माणसं बाहेर येतायत, एकामागून एक, शेकड्यांनी, प्रत्येकाचा बेल्ट हातात, कारण आत तपासणीला काढावा लागतो, आणि बाहेर आल्या आल्या चालता चालताच बेल्ट परत घालतायत. बाबांच्या वयाची माणसंसुद्धा. मी २० वर्षांहून जास्त तिथून अर्ध्या-पाऊण तासावर राहत होते आणि आमच्या घराची लादी बसवणारा माणूस रोज पहाटे असा येतो हे मला माहीत नव्हतं, म्हणजे मी कधी विचारलंच नव्हतं.

आणि तिथे दिव्याच्या खांबाखाली तुम्ही उभ्या. लोकरीची टोपी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, हातात वही. बाहेर येणाऱ्याला विचारायचात, आत किती वेळ लागला? तो सांगायचा, तुम्ही लिहायचात. तेवढंच. मला खरं तर भीती वाटत होती, माझा मुलगा तेव्हा आर्मीत होता, वाटलं ही बाई मला दोन शब्द सुनावणार. तुम्ही विचारलंत, जेवायला देतात का नीट त्याला? मी रडले त्यावर, तुम्हाला आठवत असेल.

त्यानंतरचे महिने तुम्ही जे केलंत ते बघायला कुणी आलं नाही, त्याचा कुणी व्हिडिओ काढला नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हिब्रूतला अर्ज तुम्ही भरलात, मिस्त्रींना फोनवर एकेक ओळ अरबीत समजावून सांगितलीत, सहीसाठी कागद नाक्यावर नेऊन दिलात आणि सही करून आणलात. अर्ज नामंजूर झाला. तुम्ही दुसरा भरलात. प्रत्येक फोनची तारीख, कोण बोललं, काय म्हणालं, सगळं त्याच वहीत. मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कंटाळा नाही येत? तर तुम्ही म्हणालात, कागद हरवलाय म्हणून सांगायची त्यांना सोय ठेवायची नाही, बस्स. आणि अशी किती माणसं होती तुमच्या त्या प्लास्टिकच्या फायलीत, आमचे मिस्त्री त्यातले एक. एक पैसा घेतला नाहीत.

आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू लोकांनीही इथे १९६२ ते ६४ मध्ये आंदोलन केलंय, आमचं ज्यू असणंच मान्य करा म्हणून, लग्नाला उभं राहिलं की आजी-पणजीपर्यंतची चौकशी व्हायची. ते सगळं आम्ही अभिमानाने सांगतो. पण कागदासाठी दारात उभं राहिलेला दुसरा माणूस समोर आला तेव्हा तो मला दिसला नाही, तुम्ही दाखवलात. याचेसुद्धा आभार.

मनाई उठली तेव्हा बाबांनी मलिदा, म्हणजे आमच्याकडचा नवसाचा प्रसाद, बोलला होता तो केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, एलियाहू हन्नावी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन. मिस्त्री कामावरून तसेच आले, हाताला सिमेंट, आणि बाबांनी पहिलं ताट त्यांना आणि दुसरं तुम्हाला दिलं. तुम्ही विचारलंत हे काय आहे, बाबा म्हणाले, हे आमचं थँक्यू.

आता बाबा नाहीत. आणि ऑक्टोबर २०२३ ला युद्ध सुरू झाल्यावर बहुतेक सगळ्यांचे परवाने थांबले, मिस्त्री घरीच आहेत, फोन करतात, माझ्या मुलाची चौकशी करतात, स्वतःचं काही सांगत नाहीत. मी परवा तुम्हाला भीतभीत फोन केला तर तुमचा पहिला प्रश्न, त्यांच्या कार्डाची मुदत कधी संपतेय?

मावशी, 'तू बिश्वात' या आमच्या झाडांच्या सणाला घरी मलिदा आहे. मिस्त्रींचं ताट मी काढून ठेवणार आहे. तुम्ही नक्की या, घ्यायला मी येते, गुडघे दुखतायत तर बसने येऊ नका. आणि फाइल आणा सोबत. फॉर्म मी भरेन, मला आता जमतं, तुम्ही फक्त तपासा.

तुमची,
लोदची मराठी मुलगी