जादा पाळी घेऊ नकोस

ता. कळंब, जि. यवतमाळ
१४ डिसेंबर २०२५

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पैसे परवा खात्यात जमा झाले. पण "दोन जादा पाळ्या केल्या म्हणून या वेळी जास्त पाठवता आले" असं तू फोनवर सहज बोलून गेलीस, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही आणि आई मध्येच फोन ओढून घेते, म्हणून लिहितो आहे. दादा आला की याचा फोटो काढून तुला पाठवेल.

काल संध्याकाळी वावरात कापूस मोजायला काटा लागला. आईने दिवसभराच्या ओट्या गाठोड्यात रिचवल्या होत्या, ४२ किलो भरला. यंदा वेचणीला किलोमागे १० रुपये आहेत, म्हणजे ४२० रुपये झाले. सकाळी आठला गेलेली बाई पाच वाजता वाकलेलीच घरी आली. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या होत्या, त्यावर खोबरेल चोळत बसली होती. मी शेजारी बसून तुझा हिशेब मांडला. तिकडे जर्मनीत म्हाताऱ्यांच्या देखभालीत शिकलेल्या नर्सला १ जुलै २०२५ पासून तासाला किमान २०.५० युरो द्यावेच लागतात, असं तू सांगितलं होतंस. आपले दोन हजारांच्या वर होतात. आईची पाच दिवसांची वेचणी आणि तुझा एक तास! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तिच्या तासात लय जोर लागत असन."

ती बरोबर बोलली, बाई. गावात मात्र जो तो युरोला शंभरानं गुणतो आणि थांबतो. कर आणि विम्यात तिसरा हिस्सा जातो, हे कोणी विचारत नाही. म्हणून मी रुपये सोडून तासांनी मोजून पाहिलं. लीटरभर दूध तिकडे एका युरोच्या आसपास, म्हणजे तुझी पाच मिनिटं. इथे साठ रुपये, म्हणजे आईचा सव्वा तास. इथवर तू फार पुढे आहेस. पण केस कापायला तुला तीस युरो लागले म्हणालीस, म्हणजे हातात येणाऱ्या पैशातले दोन तासांवर गेले. मी इथे सत्तर रुपयांत कटिंग करतो, तेही माझ्या दीड तासाचं काम. जिथे माणसाचा तास विकत घ्यायचा असतो तिथे तुझा पगारही आखूड पडतो, कारण तिकडे न्हाव्याचा तासही महाग आहे. हे मला चांगलं वाटलं. आपल्याकडे सगळं महाग झालं, माणूस तेवढा स्वस्त राहिला. रोजगार हमीचा रोज या वर्षी ३१२ रुपये आहे, आणि ती योजना देशाच्या आधी आपल्या महाराष्ट्राने आणली होती.

पण मला तुझ्या पगारापेक्षा तुझ्या तासांचं जास्त अप्रूप आहे. दिवसाचे आठ तास, फार तर दहा, आणि ते वरचे दोन पुढे कमी तास करून भरून निघायला हवेत. दोन पाळ्यांत अकरा तासांचा आराम. वर्षाला निदान चार आठवडे भरपगारी रजा. आजारी पडलीस तर सहा आठवडे पूर्ण पगार. हे तू सांगत होतीस तेव्हा मी दोनदा विचारलं, आठवतं? मला खरंच वाटत नव्हतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणायचा कायदा १९४६ मध्ये झाला. पण तो कारखान्याचा, वावरात तो कधी आलाच नाही. आणि कारखान्यात तरी काय? तुझा दादा बुटीबोरीला ठेकेदाराकडे बारा तास उभा राहतो. ओव्हरटाइम दुप्पट द्यायचा असतो, त्याला एकेरीच मिळतो. आता सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तसेच आहेत म्हणे. ते ४८ मोजणार कोण, हे दादा मला विचारतो आणि मला उत्तर देता येत नाही.

मी १९९४ च्या पाडव्याला सालदार राहिलो. वर्षाचे सहा हजार रुपये आणि वर दोन पोते ज्वारी ठरली. तास ठरलेच नाहीत. पहाटे चारला ढोरांचं शेण, मग बंडी, डवरा, आणि रात्री विजेची लाईन आली की ओलीत. तुझा जन्म झाला त्या रात्री मी मालकाच्या गव्हात होतो. निरोप घेऊन माणूस धुऱ्यापर्यंत आला, पण लाईन पहाटे पाचपर्यंत होती आणि पाणी सोडून जाता येत नव्हतं. चिखलाच्या पायांनी घरी पोचलो तोवर सुईण निघून गेली होती आणि तू झोपली होतीस. त्या रात्रीची मजुरी मला कोणी वेगळी दिली नाही, आणि मागता येते हेही मला माहीत नव्हतं.

म्हणून तुझं बोलणं मला लागलं. तू ज्या देशात आहेस तिथे तास मोजून घेतात आणि तू ते मोजलेले तास आमच्यासाठी पुन्हा विकते आहेस. म्हाताऱ्या माणसांना उचलण्याचं काम आहे तुझं. पाठ एकदा गेली की ती कोणत्याच चलनात परत येत नाही, हे आईला विचार. सोसायटीचं कर्ज मी कापूस विकून मार्चआधी भरतो. घराची भिंत उन्हाळ्यात नाही तर दिवाळीला होईल. ती मातीची आहे, पण पडणार नाही. तू ठरलेली पाळी कर, सुटीला सुटी घे, आणि जी रजा आहे त्यातले दोन आठवडे तरी पाडव्याला इकडे ये.

पुढच्या फोनवर पैसे किती पाठवले ते सांगू नकोस. किती वाजता झोपलीस ते सांग.

आई विचारते, तिळाचे लाडू कुरिअरने तिकडे पोचतात का? या आठवड्यात आपल्याला दिवसाची लाईन आहे. गव्हाला पाणी द्यायला निघतो.

तुझे बाबा